खोगीर आणि कौल

आबा, माझ्याकडे दोन घोडे आहेत. तुमच्या हयातीत आपल्याकडे स्वतःचा एकही नव्हता. संस्थानच्या पागेत चाबूकस्वार म्हणून तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची शिंगरं वळणावर आणलीत आणि ती नीट चालू लागली की दुसऱ्यांच्याच स्वाधीन केलीत. कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी मी तर्कशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाले, धामापूरच्या अलीकडच्या आपल्या घरी परतले आणि घाटावरून एक घोडी व एक घोडा ट्रकने आणवले. तुमचा धाकटा मुलगा अंगणात उभा राहून म्हणाला होता, "आक्का, लोक म्हातारपणी काशीक जातत, आणि तू पागा बांधतस!" मी त्याला सांगितलं की दोन्हींचा हेतू एकच असू शकतो. त्याला ते पटलं नाही. मलाही पूर्णपणे पटलेलं नव्हतं.

खरं कारण फार जुनं आहे. मी दहा वर्षांची आहे. पागेच्या आवारात तुम्ही खोगिराच्या रिकिबी सोडवून बाजूला ठेवल्या आहेत आणि दोरीवर घोडा गोल फिरवत मला ओरडता आहात, "गुडघो धर गो, लगाम नको!" घरी आई चुलीपुढून विचारते, "चेडवाक घोड्यार बसवतास? उद्या खंयचो सोयरो येतलो?" तुम्ही ताटातली भाकरी मोडत म्हणता, "तोल संभाळता तेका सोयरो कित्याक होयो?" आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. ते तुमचं विधान तर्काच्या दृष्टीने सदोष होतं, हे मला पुढे कळलं. पण मी लग्न केलं नाही आणि तोल मात्र सांभाळला.

तो तोल दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याअखेरीस एकदाच गेला. घोडी दुडक्या चालीने जात असताना माडाची वाळलेली झावळ तिच्या पुढ्यात कोसळली. ती बाजूला उसळली. मी कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं, उजवा खांदा निखळला. घोडीचा त्यात काही दोष नव्हता. मी कुडाळला इस्पितळात असताना धाकट्याने आणि त्याच्या बायकोने मला न विचारता ग्रामदेवतेला कौल लावला. तुम्हाला पद्धत ठाऊकच आहे: गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आक्काने पुन्हा घोड्यावर बसावं का, असं विचारलं. डावीकडची पडली.

डॉक्टरांनी वर्षभराने परवानगी दिली. मी कागद भावजयीपुढे ठेवला. ती कागदाकडे न बघता मासळी कापत राहिली. "वन्सं, डॉक्टर हाड बघता, देव फुडला बघता. आता तुमचो तर्क जरा फडताळात ठेवा." माझा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही, त्यामुळे खोगीर मला एकटीला उचलता येत नाही, आणि खोगिराशिवाय चढण्याचं वय राहिलेलं नाही. आमचा मोतद्दार गावातलाच, माझ्याच वयाचा. खरारा करतो, खूर साफ करतो, पण कौलानंतर खोगिराला हात लावेना. "बाय, माका सांगू नकात. माझी नातवंडा आसत." मी दोन्ही जनावरांना दोरीवर फिरवून पुन्हा कामाला लावलं. उभं राहून सुजलेले घोडीचे पाय उतरले, तिची मान मोकळी झाली, आवाजावर ती चाल बदलू लागली. मी ओट्यावर पेंढ्याचं पोतं टाकून त्यावर बसत असे, मांड्यांत बळ यावं म्हणून. ती तयार होती आणि मीही तयार होते. आमच्या मध्ये एक खोगीर खुंटीवर होतं.

ज्या पुराव्याला मी पुरावा मानत नाही त्यावर माझ्याविरुद्ध निकाल लागला होता, आणि अपील करायचं तर त्याच न्यायासनापुढे. अपील करणं म्हणजे त्याचा अधिकार मान्य करणं. न करणं म्हणजे निकाल कायम. मी बरेच महिने या दोन भिंतींमध्ये फिरत राहिले. मग किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एक माणूस घोडे बघायला आला. धाकट्याने त्याला चहा दिला. "बसणस नाय तर पोसतस कित्याक, आक्का? दिवाळीनंतर घेवन जातलो तो." तो माणूस घोडीचं तोंड उघडून दात बघत होता आणि लगामाचं तोंडातलं लोखंड निष्कारण ओढत होता. दुसऱ्या दिवशी मी मोतद्दाराला सोबत घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायला देवळात गेले.

गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं मोठ्याने झालं, मोतद्दार प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणत राहिला. आम्ही थांबलो. समईची वात एकदा सारावी लागली. गुरवाने पुन्हा विनवलं. कुठलीच पाकळी हलली नाही, ना उजवी, ना डावी. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "देव आज बोलणा नाय, बाई. परत कधीतरी येवा."

घरी आल्यावर मोतद्दार सरळ पागेत गेला आणि त्याने खोगीर उतरवलं. "देव नको म्हणाक नाय मा? मग झाला."

आबा, ही चूक मी चाळीस वर्षं उत्तरपत्रिकांवर लाल शाईने खोडत आले. नकार सिद्ध झाला नाही म्हणून होकार सिद्ध होत नाही. शिवाय पहिला कौल, त्याच्याच श्रद्धेनुसार, अजून उभा होता. सांगायला मी तोंड उघडलं. घोडीने पोट फुगवलं, त्याने ती श्वास सोडेपर्यंत वाट पाहिली आणि पोटाखालचा तंग आणखी एक भोक आवळला. मी तोंड मिटलं आणि रिकिबीत पाय ठेवला.

तो पर्यटकांचा माणूस रिकाम्या हातांनी परत गेला. मी आता रोज सकाळी आवारात आणि जमलं तर तळ्याच्या बांधापर्यंत जाते. त्यापलीकडे मोतद्दार लगाम धरून थांबवतो, आणि मी थांबते. गुरव बाजारात भेटला की विचारतो, "बाई, कधी येतास?" मी सवडीने येईन म्हणते. मला सवड पुष्कळ आहे. पण पुन्हा विचारलं तर पाकळी पडू शकते. तुम्हाला वाचता येत नसे, आणि हे मोठ्याने वाचून दाखवणारं कोणी नाही, ते बरं आहे. मोतद्दाराची समजूत मी अजून दुरुस्त केलेली नाही.