मी बुडत नाही

प्रिय नोरीनताई,

ताजी बातमी अशी की मी बुडत नाही. मंगळवारी सकाळी बिचेनोच्या धक्क्यावर ग्लेनिसबाईंनी (पाण्याखाली बुडी मारायला शिकवतात त्या) चारचौघांसमोर तसं जाहीर केलं. तुझा गुडघा बरा असेल आणि कोंबड्या अंडी देत असतील, असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं मात्र विचारू नकोस.

ब्रॉन्टी रविवारी घरी येतेय. समुद्राचा अभ्यास करणारी माझी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एकदा तरी माझ्याबरोबर खाली चल ना," आणि मी (साठीला टेकलेला, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर) म्हणालो, "सामान घेतलंय सगळं." तोवर मी फक्त पायाला बांधायची सुरी घेतली होती. त्या सुरीने आजवर एक सँडविच कापलंय. मग होकायंत्र घेतलं, मग टॉर्च. पैसे संपत आल्यावर आठवलं, मास्क राहिला.

ग्लेनिसबाईंनी माझी खरेदी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मर्व, चेहऱ्याला बसेल असा मास्क घे, पायात घालायचे पोहण्याचे पंख घे, जाड सूट घे. टाकी आणि श्वासाचं यंत्र माझ्याकडून भाड्याने ने. जुन्या बाजारातल्या नळीतून श्वास घेतलास, तर तुझ्या अंत्ययात्रेला मी येणार नाही."

सूट चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला. आपल्या गार पाण्याला हवा तसा जाड. मूळ मालक पोटाने माझ्या दीडपट असावा आणि मासेही सुटातच साठवत असावा (वास अजून आहे). मी ऐटीत उडी मारली आणि बाटलीच्या बुचासारखा वर आलो. जाड सूट माणसाला वर ढकलतो, म्हणून कमरेला शिशाचं वजन लागतं. आणि आपल्याकडे लोक सूट विकतात, शिसं कधीच विकत नाहीत. ते शेवंडीच्या पिंजऱ्यांत जातं, नाहीतर छपरावर.

"श्वास सोड," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"सोडला."

"मग अजून इथेच कसा?"

त्यांनी आपलं सगळं शिसं माझ्या कमरेला बांधलं. मी गुडघाभर खाली गेलो आणि त्यांचे बाकीचे तीन विद्यार्थी तरंगायला लागले. गळ टाकून बसलेला अल्बी वरून ओरडला, "मर्व, तसाच पडून राहा, होडी बांधायला बरं पडेल!"

रविवारी बाईंचं शिसं त्यांच्या विद्यार्थ्यांना लागणार. माझी सोय मीच करायची आहे. बाकी सगळं ठीक.

तुझा भाऊ,
मर्व

ता. क. तुझ्या खुराड्याच्या छपरावर क्लॅरीभावोजींचा बुडी मारतानाचा शिशाचा कमरपट्टा आहे ना, तो रविवारपुरता हवाय. ते गेल्यापासून तू कुणाला हात लावू देत नाहीस, ठाऊक आहे. छपरावर मी विटा ठेवून देईन.

आणखी ता. क. आत्ता सूट वाळत घालताना उलटा केला. काखेत लाल दोऱ्याची वेडीवाकडी शिवण आहे. असे टाके या किनाऱ्यावर एकच बाई घालते. पोटाबद्दल आणि वासाबद्दल लिहिलेलं खोडणार होतो. पण भावोजीच सगळ्यांत मोठ्याने हसले असते, म्हणून राहू दिलं. सूट तू देऊन टाकलास आणि पट्टा ठेवलास. तो असा मागून नेणं मला जमायचं नाही. तूच धक्क्यावर घेऊन ये, तुझ्याच हाताने माझ्या कमरेला बांध. रविवारी नऊ वाजता ब्रॉन्टी आणि ग्लेनिसबाई पाण्यात थांबलेल्या असतील. याच सुटाच्या तोलाचा तो पट्टा आला तर दोन मिनिटांत मी लेकीशेजारी खाली असेन, असा बाईंचा अंदाज आहे.