सायकलच्या विम्याबाबतचं माझं मत मागे घेण्याविषयी

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार, जितकं वाकता येतं तितकं वाकून. (पूर्ण वाकता येत नाही. डाव्या गुडघ्याला पट्टी आहे. का आहे ते पुढे येईलच, आणि ते वाचताना तुमच्या चेहऱ्यावर जे हसू येणार आहे ते मला इथूनही दिसतंय.) तुमची तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र लावता की ते अजून टेबलाच्या खणातच आहे? मामींचा खोकला थांबला का? आपल्या भांडणात मामी माझी बाजू घेतात याचा मला फार आधार वाटतो. या पत्रानंतर बहुधा त्याही घेणार नाहीत.

आधी माझ्या मागच्या पत्राबद्दल. सायकलचा विमा उतरव असं तुम्ही लिहिलंत म्हणून मी चिडून चार पानं उलट पाठवली होती. सायकलमुळे जगात फक्त एकाच माणसाला लागू शकतं आणि तो सायकलवरच बसलेला असतो, असं मी त्यात लिहिलं होतं. विमा मोटारवाल्यांनी उतरवावा, ट्रकवाल्यांनी उतरवावा, आमच्यासारख्यांना एक घंटी पुरे, असंही होतं. तुमची उभी हयात विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात गेली, त्यामुळे तुम्हाला रस्त्यावर माणसं दिसतच नाहीत, नुसते दावे चालताना दिसतात, हे वाक्य तर मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं. ते पत्र तुम्ही जपून ठेवलं असेल तर कृपा करून फाडून टाका. आणि फाडणार नसाल तर निदान तारीख बघून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

तर मंगळवारी सकाळी साडेनऊला मी नेहमीसारखा दुकानात निघालो होतो. बँकेपाशी वळलं की रस्त्याला उतार लागतो, तो संपतो तिथे डाव्या हाताला माझं चष्म्याचं दुकान आणि समोर मास्तरांचं टेलरिंगचं. मास्तर म्हणजे आमच्या रस्त्यावरचा सगळ्यात सरळ माणूस. अठरा वर्षं आम्ही समोरासमोर शटर उघडतो. माझ्या सगळ्या पँटी ते शिवतात, त्यांचे सगळे चष्मे मी करतो, आणि कुणाचं काम जास्त नाजूक यावर चहाच्या वेळी आमचा वाद चालतो. त्या सकाळी ते एका गिऱ्हाइकाचा शिवून झालेला कोट हँगरवर घेऊन रस्ता ओलांडायला उतरले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि शांतपणे माझ्या सायकलसमोर आले. मी घंटी वाजवली, ब्रेक दाबले, आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघं रस्त्यावर आडवे होतो. मास्तर पडले उजव्या हातावर. डावा हात वर, त्यात हँगर, त्यावर कोट, आणि कोटाला धुळीचा कणही नाही. माणूस धंद्याला किती पक्का असावा ते मी त्या दिवशी पाहिलं.

(इथे एक गोष्ट पोलिसाला सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. मास्तरांनीच शिवलेली नवी पँट मी त्या दिवशी पहिल्यांदा घातली होती आणि पायाला लावायची क्लिप घरी विसरलो होतो. उतारावर पँटीचा उजवा पायचा साखळीत जाऊ लागला म्हणून मी खाली पाहत होतो. अगदी एक क्षण. फार तर दोन.)

पाच मिनिटांत तिथे न्यायालय भरलं. एक मोटारसायकलवाला म्हणाला की सायकलवाल्यांना ना लायसन्स ना नंबरप्लेट ना विमा, धडकून पळाले तर पकडायचं कसं. मी त्याच्या पायाशीच पडलेलो होतो, त्यामुळे पळण्याचा मुद्दा तूर्त गैरलागू होता. बाबागाडी ढकलत चाललेल्या एका बाईंनी माझी बाजू घेतली. मग ट्रॅफिकचा पोलीस आला, त्याने वही काढली आणि वाहनाचा विमा आहे का असं विचारलं. मी म्हणालो, सायकल आहे. तो म्हणाला, ते दिसतंय, विमा आहे का. नाही म्हणताना मला तुमची इतकी आठवण झाली की गुडघ्यापेक्षा तीच जास्त दुखली.

पण मामा, गंमत पुढेच आहे. सगळ्या साक्षी माझ्याच बाजूने झाल्या. मी माझ्या कडेने होतो, घंटी वाजवली होती, आणि मास्तर रस्त्यावरचे पांढरे पट्टे सोडून भलतीकडेच उतरले होते. खुद्द मास्तरही, मनगट पोटाशी धरून, पोलिसाला हेच सांगत होते की चूक माझी, यांची नाही, हे मला पुष्कळ लांब दिसले. पोलिसाने तसं लिहून घेतलं. म्हणजे कागदावर मी निर्दोष होतो आणि माझी चार पानं खरी ठरली होती. हे तुम्हाला कळवायला मी मनातल्या मनात पाचवं पान लिहायलासुद्धा घेतलं होतं.

हॉस्पिटलमध्ये प्लास्टर होईपर्यंत मी बाहेर बसलो होतो. मास्तरांनी चष्मा माझ्या हातात दिला. नवाच, शनिवारी संध्याकाळी मीच दिलेला. एक काडी वाकली होती, तेवढी सरळ करून आणा म्हणाले. दुकानात येऊन मी काडी सरळ केली आणि नुसत्या सवयीने चष्मा नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवला. मास्तरांच्या उजव्या डोळ्याचा नंबर अगदी जेमतेम आणि डाव्याचा दणदणीत. यंत्रावर बरोबर उलटं. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. फ्रेम आपल्याकडे तोंड करून धरली की तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात आणि बोलणी खातात. मी सव्वीस वर्षं हा धंदा करतोय. स्टुलावर बसलो, आणि यंत्रच बिघडलं असेल अशा आशेने स्वतःचा चष्मा त्यावर ठेवून पाहिला. यंत्र उत्तम होतं.

म्हणजे तो बिचारा माणूस तीन दिवस उलटा चष्मा लावून हिंडत होता. शनिवारी घालून पाहिल्यावर त्यांना जरा गरगरलं, तेव्हा मी काय म्हणालो असेन? जे आम्ही चष्मेवाले सगळ्यांना म्हणतो तेच. दोन-तीन दिवस जड जाईल मास्तर, सरावतील डोळे. आणि माझा शब्द म्हणून त्यांनी तो चष्मा नाकावरून काढला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर फेकून दिला असता.

आता तुमचा आवडता शब्द, मूळ कारण. प्रत्येक दाव्यात आधी मूळ कारण शोधायचं, असं तुम्ही सांगत आला आहात. तर शोधा. मास्तर सायकलसमोर आले, कारण मी त्यांना लांब दिसलो. लांब दिसलो, कारण काचा उलट्या होत्या. काचा उलट्या बसल्या, कारण शनिवारी दुपारी माझं लक्ष कामात नव्हतं. लक्ष नव्हतं, कारण काउंटरवर एका बाजूला मास्तरांची फ्रेम ठेवून दुसऱ्या बाजूला मी दात-ओठ खात एक चार पानी पत्र लिहीत होतो. तारीख बघून ठेवायला सांगितलं होतं ती यासाठी. ते पत्र मी लिहिलं कारण तुम्ही मला डिवचलंत. तेव्हा या अपघातात तुमचा वाटा किती हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा. तुम्ही तसेही अशा कामात प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध आहात.

थट्टा इथे संपली, मामा. बुधवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते आत पडले होते आणि त्यांच्या बायकोने बाहेरच्या खोलीत हळू आवाजात मला सांगितलं की हे आता दुकानच बंद करायचं म्हणतायत. मनगटाचं काही नाही, ते सहा आठवड्यांत जुळेल. पण यांच्या मनाने घेतलंय की डोळे गेले. रविवारी एका शर्टाची काजं एकाकडे आणि बटणं एकाकडे झाली. सुईत दोरा जाईना. जुन्या चष्म्याने अंधुक दिसतं, नव्याने भोवळ येते, आणि आता समोरून येणारी सायकलसुद्धा कळेना, मग कात्री हातात धरायची कशाला, असं म्हणतायत. मशीन पुतणीला द्यायचं चाललंय, ती महिनाअखेरीला न्यायला येणार आहे. हे सगळं ऐकताना माझ्या खिशात त्यांचा चष्मा होता, काचा नीट बसवलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका वाक्याचं काम होतं. तसं सोपंही एक वाक्य मी आरशासमोर घोकून गेलो होतो, की मास्तर, काडी वाकडी होती म्हणून तसं दिसत होतं, आता लावून बघा. चूक झाकली गेली असती, डोळे परत आले असते आणि वर मलाच शाबासकी मिळाली असती. पण आत गेलो तर मास्तर उठून बसले आणि म्हणाले की तुमच्या चाकाचं मी सायकलवाल्याला सांगून ठेवलंय, तो ते सरळ करून देईल, तुम्ही काही द्यायचं नाही, चूक माझी होती. ते खोटं वाक्य घशातच अडकलं. खरं वाक्य तर त्याच्याही मागे होतं. गप्प बसून राहणं बरं दिसेना म्हणून मी एक पँट शिवायला टाकली. काडीला दोन दिवस लागतील असं सांगितलं आणि निघून आलो.

गुरुवारी परत गेलो आणि दुसरी पँट टाकली. शुक्रवारी तिसरी. मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाकडे मी तीन पँटी टाकल्या आहेत. टेप त्यांची बायको धरते, मास्तर अंथरुणावरून आकडे विचारतात, आणि काल म्हणाले की तीन दिवसांत तुमची कंबर अर्धा इंच उतरली, काही काळजी आहे का. पुतणी कापते तेवढं कापेल, पण या तुमच्या पँटी मी शेवटच्या समजून स्वतः बघून घेईन, असंही म्हणाले. मामा, तुम्ही इथे या. दोन दिवसांसाठी या. तुम्ही माझ्याशेजारी नुसते उभे राहिलात तरी मी बोलेन, कारण लहानपणापासून तुमच्यासमोर मला खोटं बोलता आलेलं नाही. नाहीतर महिनाअखेरीपर्यंत माझ्याकडे वीस पँटी होतील आणि त्यांच्याकडे मशीन नसेल.

मामींना नमस्कार. उत्तर लगेच द्या, किंवा उत्तराऐवजी स्वतःच या.

तुमचा निर्दोष सुटलेला,
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. तुम्ही येण्याचं कारण उरलं नाही (सहज या, ते वेगळं). आज सकाळी चौथी पँट टाकायला गेलो आणि कापडच न्यायला विसरलो, त्यामुळे बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. चष्मा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. उलट्या काचा, ते चार पानी पत्र, आणि सायकलवर मी खाली पाहत होतो तेही. मास्तरांनी चष्मा लावला. बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग बायकोकडून सुई मागून घेतली, प्लास्टरच्या बोटांत कशीबशी धरली आणि डाव्या हाताने दोरा ओवला, पहिल्या फटक्यात. त्यांची बायको स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आली नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. तेव्हा मास्तर म्हणाले, “अहो, साखळीत पायचा का गेला, सांगू का? त्या पँटीचा उजवा पाय माझ्याकडून अर्धा इंच लांब झालाय. देताना लक्षात आलं होतं, पण म्हटलं यांना काय कळणार. तेव्हा फिटंफाट झाली. आता पुतणीला फोन लावा आणि मशीन मिळणार नाही म्हणून सांगा, मला या हाताने लावता येत नाही.” मी फोन लावून दिला. तुमच्या नोकरीत दोन्ही बाजू आपलीच चूक म्हणून भांडतायत असा दावा तुम्हाला कधी भेटला होता का, ते कळवा.

ता. ता. क. सायकलच्या विम्याचा फॉर्म पाठवा. माझी सगळी मतं मागे. तुम्हाला हसायचं तितकं हसा. फक्त सायकलवाल्याच्या चुकीबरोबर चष्मेवाल्याचीही चूक त्यात बसते का, ते आधी विचारून घ्या.

आणखी एक, पाकीट बंद करता करता. घरी आल्यावर ती पँट पलंगावर पसरली आणि बायकोच्या टेपने मोजली. एकदा मोजली, मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. दोन्ही पाय अगदी सारखे आहेत.