माझा घोटा परत आला

तीर्थरूप वहिनींना,

शिरसाष्टांग नमस्कार. साष्टांगात पाय धरतात की नाही हे मला नक्की आठवत नाही, पण धरत असतील तर या वेळी तेही वाकवलेले आहेत, याची नोंद घ्यावी. तुमची तब्येत कशी आहे? दादाचा खोकला? (तो डॉक्टरकडे जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. विचारायचं म्हणून विचारलं.) बाकी तुमचं ठीकच असणार. ठीक नसतं तर तुम्हाला दुसऱ्यांच्या तब्येतीच्या बातम्या फोनवरून वाटत बसायला सवड कुठून मिळाली असती? हे मी रागानं लिहीत नाही. या आठवड्यात मला राग येणं शक्यच नाही. वहिनी, माझा घोटा परत आला!

उजव्या पायाचा, बाहेरच्या अंगाचा. दोन वर्षं बेपत्ता होता. पोटरी जी सरळ खाली यायची ती थेट पावलातच शिरायची, मध्ये कुठे थांबा म्हणून नव्हता. शुक्रवारी सकाळी पाहते तर कातडीखाली चांगला गोटीएवढा उंचवटा! मी बोटानं दाबून पाहिला. हाड. माझं स्वतःचं. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. पण मी असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये उत्तरं क्रमानं लिहिली नाहीत तर अर्धे गुण कापत असत, तेव्हा क्रमानं लिहिते.

प्रश्न पहिला: माझे पाय सुजतात ही बातमी माझ्या मुलाला कुणी दिली? (उत्तर तुमच्याजवळ आहे. लिहून पाठवण्याची गरज नाही.) बातमी पोचली त्याच संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तू एकटी, पाय असे. आता पुरे झालं, आमच्याकडे ये, तळमजल्यावर तुझ्यासाठी खोली काढली आहे. ती खोली मी पाहिलेली आहे. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला कपडे धुण्याचं यंत्र, आणि खिडकीतून दिसतो तो शेजाऱ्याच्या गाडीचा मागचा दिवा. सूनबाई प्रेमळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ती मला उठू देत नाही, बसल्या जागी सगळं आणून देते, आणि त्या बसल्या जागेचीच मला भीती वाटते. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात बसूनच होते. इथे माझ्या तीन खोल्या आहेत, माझी खिडकी आहे, दूधवाल्याशी भांडायला माझं स्वतःचं दार आहे. मी नाही म्हटलं. तो हो म्हणाला. शेवटी एक अट ठरली. निवृत्तीच्या दिवशी घालून मी ऑफिसातून बाहेर पडले ते पट्ट्याचे काळे बूट माझ्या कपाटात आहेत. महिनाअखेरीला तो येईल तेव्हा ते माझे मी पायात घालायचे, बकल लावायचं, जिना उतरायचा आणि पुन्हा चढायचा. जमलं तर मी इथे राहीन, नाही जमलं तर मी आणि माझी ट्रंक कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. त्या वेळी माझ्या पायात शिरत होत्या त्या फक्त ह्यांच्या मागे राहिलेल्या रबरी सपाता. (त्याही ह्यांना सैल व्हायच्या.)

मग मी डॉक्टरकडे गेले. त्यांनी हृदय तपासलं, मूत्रपिंडं तपासली, शिरा तपासल्या, आणि सगळं बरं आहे असं जरा निराश होऊनच सांगितलं. म्हणाले, लिम्फ (म्हणजे रक्तातून पाझरलेलं पाणी) साचतं आहे, आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे धाडलं. ही मुलगी माझ्या नातीच्या वयाची, पण धाक एखाद्या हेडमिस्ट्रेसचा. तिनं समजावलं की रक्ताला ढकलायला हृदय आहे, लिम्फला असं कुणीही नाही. आपण चाललो, पोटऱ्या हलल्या, खोल श्वास घेतला, तर ते बिचारं वर सरकतं, नाही तर पायापाशी बसून राहतं. मी संतापले. इतकी वर्षं माझ्या अंगात एक आख्खी व्यवस्था बिनपंपाची चालली आहे आणि मला कुणी अवाक्षर सांगितलं नाही! आमच्या शाळेत शरीरशास्त्र मानेपाशी संपायचं ते एकदम गुडघ्यापाशी सुरू व्हायचं. मधलं सगळं सिस्टर लोकांनी देवावर सोपवलेलं असे.

मुलीनं सांगितलं की रोज चाला, घट्ट मोजे घाला (मोठ्या उशीला लहान अभ्रा चढवून बघा, म्हणजे कल्पना येईल), आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर घरी एक व्हायब्रेशन प्लेट आणा. सगळ्यांत हळू वेगावर, थोडाच वेळ. हे मदतनीस आहे, डॉक्टर नव्हे, असंही तिनं बजावलं. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही. तुम्ही या यंत्राला नावं ठेवता, हे मला माहीत आहे. लेकीनं तुम्हाला आणून दिलेलं तसंच यंत्र तुम्ही न उघडता पलंगाखाली सारलंत आणि वर चादरींचं बोचकं ठेवलंत. उभ्या उभ्या थरथरायला मला काय थंडी वाजते आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमची मर्जी. मला तुमच्याकडून काहीएक नको आहे.

तर यंत्र आलं. दिसायला पाट, वजनाला शिळा. बैठकीच्या खोलीत मधोमध मांडलं आणि चढले. आता पुढे जे झालं त्याला जबाबदार माझं शिक्षण आहे. मुलीनं सांगितलं होतं की गुडघे किंचित वाकवून, सैल सोडून उभं राहा. ऐकलं होतं मी. पण, वहिनी, डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकलेली मी! गुडघे वाकवून उभं राहणं आमच्याकडे खोटं बोलण्याच्या खालोखाल मोडायचं. कुठल्याही फळीवर उभं केलं की माझी पाठ आपोआप ताठ, हनुवटी वर, गुडघे कुलूपबंद. मी प्रार्थनेला उभी राहावी तशी उभी राहिले आणि बटण दाबलं.

जी थरथर पोटऱ्यांत जिरायची ती कुठेही न थांबता थेट डोक्यात गेली. चष्मा नाकावरून उतरून ओठावर आला. कवळी आपल्या आपण बोलायला लागली. समोरचा ह्यांचा फोटो मला एकाच वेळी चार जागी दिसत होता (आणि चारही जागी हसत होता). नेमका त्याच क्षणी फोन वाजला. वाजता फोन न उचलणं माझ्या रक्तात नाही, म्हणून तिथूनच हात लांबवून उचलला. मुलगा होता. मी म्हणाले, “बो-ओ-ओ-ओल बा-आ-आ-ळा.” तो म्हणाला, “आई, तू थरथरते आहेस?” मी म्हटलं, “ना-आ-आ-ही.” यंत्राबद्दल मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं मी पडणार, हाड मोडणार आणि पडूनच राहणार, असं सगळं मला ऐकवलं असतं. तेव्हा थंडी आहे, असं सांगितलं. भर उन्हाळ्यात. झालं! महिनाअखेरीला येणारा माणूस म्हणाला, याच रविवारी गाडी घेऊन येतो, ट्रंक काढून ठेव.

तेवढ्यात दारावर थापा. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. हे घरीच घड्याळं दुरुस्त करतात, आणि त्यांचं टेबल (मला काय स्वप्न पडलं होतं?) बरोबर माझ्या यंत्राखाली. एका डोळ्याला भिंग तसंच, हातात चिमटा, चिमट्यात काही नाही. म्हणाले, “बाई, माझे स्क्रू चालत गेले.” कुठे, असं मी विचारलं. “ते कळलं असतं तर वर कशाला आलो असतो?” मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू, त्यांच्या तबकातून एकामागून एक टेबलाच्या कडेला गेले आणि खाली उड्या घेतल्या म्हणे. मी म्हटलं, माझ्या घरात मी थरथरेन नाही तर नाचेन. ते म्हणाले, रविवारी तुमचा मुलगा येतो आहे ना, त्याच्याच कानावर घालतो. आता याला कुणी सांगितलं रविवारचं? जिन्यात आवाज फार घुमतो, वहिनी. मी फोनवर जरा स्पष्टच बोलते, खात्याची सवय.

मी मनात म्हटलं, गेलं सगळं. मुलाला यंत्र कळलं तर सपाता, खोली, मागचा दिवा. म्हणून मी माझ्या स्वभावात नसलेली गोष्ट केली. खाली जाऊन गोड बोलले. घड्याळजींची बायको मध्ये पडली. असं ठरलं की ते जेवायला उठतील, तबकावर झाकण घालतील, तेवढ्याच वेळात मी थरथरायचं. यंत्राखाली जाड रबरी चटई घातली. मुलीला फोन केला, तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, “आजी, खुर्चीत बसायला निघालात आणि खुर्ची कुणी तरी काढून घेतली, अशा उभ्या राहा. आणि खुर्चीची पाठ धरा.” तशी उभी राहिले. शिस्तीची माती झाली, पण थरथर कमरेच्या वर आली नाही. पोटऱ्यांत मुंग्या, तळव्यांत ऊब. उतरले की पाय उंच करून खोल श्वास, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. आणि शुक्रवारी घोटा!

रविवारी चिरंजीव आले. जिना चढून आल्यावर पहिला अर्धा तास त्यांना बोलता येत नव्हतं. मी यंत्रावर टेबलक्लॉथ टाकून वर फुलदाणी ठेवली होती. मग बूट काढले. उजव्याचं बकल जुन्याच भोकात लागलं. डाव्याचंही लागलं. मुलगा खाली वाकून बघत होता, आणि मी त्याच्या टकलाकडे. मी उठले, दार उघडलं, आणि अशी जिना उतरले की मदर सुपीरिअर असत्या तर त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवलं असतं. खालच्या मजल्यावर घड्याळजी दारात उभे! भिंग डोळ्याला. ते मुलाला म्हणाले, “बरं झालं भेटलात. तुमच्या आईच्या यंत्राबद्दल बोलायचं होतं.” मुलगा म्हणाला, “कसलं यंत्र?” मी कठडा धरला.

तर, वहिनी, घड्याळजी म्हणतात कसे, “ते बंद करू देऊ नका.” कारण काय? त्यांच्या भिंतीवर वीस-बावीस घड्याळं, सगळी दुरुस्तीला आलेली, म्हणून प्रत्येकाची वेळ निराळी. जेवायची वेळ त्यांना आयुष्यात कधी कळली नव्हती. बायकोनं हाका मारून मारून घसा बसवला होता. आता वरून घुर्रर्र सुरू झालं की ते झाकण घालतात, हात धुतात आणि पानावर बसतात. आतून बायको ओरडली, “हे लग्नानंतर पहिल्यांदा गरम जेवतायत, यंत्राला हात लावाल तर बघा!”

मी तळापर्यंत उतरले आणि तिन्ही मजले न थांबता चढून आले. मुलगा प्रत्येक वळणावर थांबत होता. वर येऊन त्यानं फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ काढला, मला खूप बोलला, आणि नीट चालतं का ते बघतो म्हणून स्वतः वर उभा राहिला. (गुडघे वाकवून. त्याची शाळा साधी होती.) दिवसभर खुर्चीत बसून काम करतो, त्याच्या मोज्यांचे वळ पायावर केवढे खोल उमटतात ते मी पाहिलं. बराच वेळ तो उतरला नाही. मग डोळे मिटूनच म्हणाला, “आ-आ-आई, तू इ-इ-इथेच राहा.”

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आहे. दादाकडे आशीर्वाद मागते आणि त्याला खोकला डॉक्टरला दाखवायला सांगते.

तुमची आज्ञाधारक (पण जागची न हललेली)
नणंद

ता. क. तुमच्या पलंगाखालचं यंत्र चादरींचं बोचकं काढून ताबडतोब पाठवून द्यावं. माझं यंत्र मुलगा ट्रंकेच्या जागी गाडीत घालून घेऊन गेला. दोन दिवसांत परत आणतो म्हणाला. शाळेत असताना माझी छत्रीही त्यानं अशीच नेली होती.

ता. क. दुसरा. डाव्या पायाचा घोटा अजून यायचा आहे. डाव्या बुटाच्या पट्ट्याला शनिवारी कोपऱ्यावरच्या चांभाराकडून एक जादा भोक पाडून घेतलं होतं. ही बातमी तरी कृपा करून फोनवरून वाटू नये. मुलगा महिनाअखेरीला पुन्हा येणार आहे, आणि तो आता बूट नीट निरखून बघेल.

ता. क. तिसरा. पत्र बंद करता करता घड्याळजींची बायको वर येऊन गेली. काल दुपारपासून वरून आवाज नाही, म्हणून ते अजून टेबलावरून उठलेले नाहीत. तेव्हा यंत्र माझ्या पायासाठी पाठवत आहात असं समजू नका. खाली एक माणूस उपाशी बसला आहे.