शिक्का रत्नागिरीचा

१२ एप्रिल २००४

पेटीत कानडी पेपर!

आंब्याच्या खोलीत गुणाजी पेट्या रचत होता. आमचा जुना गडी. एका पेटीची फळी निखळली होती, ती बसवायला मी वाकले, तर पेंढ्याखाली जिलब्यांसारखी गोल गोल अक्षरं. धाकटी बहीण धारवाडला दिलेली, तिच्या चकल्या असल्याच पेपरात बांधून येतात. कानडी मला वाचता येत नाही, पण तारीख आली — गेल्याच आठवड्यातली. आणि पेटीवर आमचा शिक्का. 'अस्सल रत्नागिरी हापूस', खाली ह्यांचं नाव.

गुणाजीला विचारलं. "मला काय ठावं नाय वो वयनी. गाडी पाटेची आली, मी नव्हतो." मान काही वर केली नाही.

फळी ठोकून बसवली, पेपर होता तसाच आत ठेवला.

१३ एप्रिल

रद्दी असेल. रद्दीवाला काय, कुठूनही आणतो.

पण यंदा आमच्या बागेत आंबा आहे कुठे? मोहोर तुडतुड्यांनी खाल्ला. हे म्हणाले होते, सलिलने पावसकडची एक बाग खंडाने घेतलीय, तिथला माल येतोय. म्हणजे पोरगा बापाला फसवतोय! कर्नाटकातला आंबा आणतोय आणि बापाच्या नावाचा शिक्का मारतोय.

ह्यांना कळलं तर?

१६ एप्रिल

बागायतदारांच्या सभेत ह्यांचं भाषण. मी बायकांत बसले होते. "आता कायदा आलाय! गावाचं नाव ही त्या गावाची मालमत्ता. रत्नागिरी हापूसची एकदा नोंद होऊ दे, मग खोटा शिक्का मारणारा सरळ तुरुंगात!" टाळ्याच टाळ्या. शेजारची तुळसा म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही, असा माणूस मिळाला." मी पदर आवळून बसले.

ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. तत्त्वापुढे पोटचा पोर नाही! स्वतः हाताला धरून सलिलला पोलिसात नेतील. आणि मग स्वतः अंथरूण धरतील. गेल्या वर्षीच छातीत दुखलं होतं. मला दोघेही हवेत.

१७ एप्रिल

जेवताना सलिल म्हणतो, "चव कोणाला कळते, आई? गिऱ्हाईक शिक्का खातं." हे ताटावरून उठलेच. ताक तसंच राहिलं.

नंतर पडवीत त्याला एकटा गाठला. "मागे हुबळीला कशाला गेला होतास रे?"

"बाबांना विचार."

केवढा उर्मटपणा! चोर तो चोर, वर शिरजोर.

१९ एप्रिल

झालं! नोंदणीच्या अर्जात आंब्याचं वर्णन द्यावं लागतं म्हणे — रंग, वास, चव, सगळं. नमुन्याची पेटी निवडायला समितीची माणसं परवा आमच्याकडे येणार. ह्यांनीच बोलावलंय! "रत्नागिरीचा नमुना आपल्या घरचा असू दे," म्हणाले. किती अभिमानाने म्हणाले.

२० एप्रिल

केलं एकदाचं.

हे मांडवीला गेलेले, सलिल बाजारात. गुणाजीला उगाच बागेत पिटाळला. पेट्या उघडल्या, कानडी पेपर ओढून काढले, घरातली मराठी रद्दी घातली, वर पेंढा सारखा केला. घाईत एक आंबा खाली पडला. कानडी पेपर सगळे बंबात.

संध्याकाळी हे आंघोळ करून आले. "आज पाणी चांगलंच कढत होतं गो." माझ्या हातातली वाटी निसटली.

एकच समाधान आहे. पाडव्याला पहिली पेटी हेदवीच्या दशभुज गणपतीला जाते, सासऱ्यांपासूनची रीत. ती दुसऱ्या कोणी भरायची नाही. हे सोवळ्यात, स्वतः भरतात. यंदाही ह्यांनीच भरली. तेवढी तरी खरी.

२१ एप्रिल

माणसं आली. ह्यांनी स्वतः पेटी पुढे ओढली, झाकण काढलं, फोडी केल्या. मी दाराआड उभी. समितीतल्या जाणत्या आत्माराम खोतांनी कोय चोखली, पुन्हा चोखली, मग मान डोलावली.

"ह्याला म्हणतात रत्नागिरी! हीच पेटी न्या."

हे हसले. सगळे हसले. मी देवघरात जाऊन रडले. सलिल सुटला! पाप लागेल, लागू दे. माझं मला लागू दे.

२२ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, "पेटीत तुझं शब्दकोडं होतं."

मी गाळणी खाली ठेवली.

"अर्धं सोडवलेलं. तुझंच अक्षर. बरं झालं, तू बदललेस. पेपर बदलायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं गो."

माझ्या म्हणाले. सलिलच्या नव्हे.

"हेदवीची पेटी?" मी विचारलं.

हे बशीत चहा ओतत राहिले.