बुजवलेलं पाणी

तापीकाठ, तालुका शहादे, पश्चिम खानदेश
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९४३

तीर्थस्वरूप हिंमतदादा यांच्या पायांशी धाकटा चुलतभाऊ धुडकू याचा दंडवत. इकडे आम्ही सगळे खुशाल, म्हैससुद्धा. तुमचा दमा धुळ्याच्या हवेत कसा आहे आणि वहिनींच्या गुडघ्याला काय उतार, ते सवडीने कळवावं. (सवड नसेल तर राहू द्या. कचेरीत किती काम असतं ते मी मागे डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही तिघे कारकून एकाच खिडकीतून रस्ता बघत होता.)

आपल्या शिवारात कोळशाची खाण निघाली, असं तुमच्या कानावर उडत उडत आलं असेल. लोक काहीही बोलतात, म्हणून खरं काय ते लिहितो. तापी आपल्या डोळ्यांसमोर वाहते, पण काठ इतका उभा की तिचं पाणी नुसतं बघायचं. विहीर खोदावी तर खाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हलत नाही. माझी केळी लावायची हौस आणि तुमच्या भावजयीच्या, म्हणजे वत्सलेच्या, डोक्यावरची घागर, दोन्ही त्या पाषाणापाशी अडलेल्या. अशात लढाईमुळे कोळशाचा तुटवडा पडला आणि मुंबईच्या एका कंपनीचे फरामजी नावाचे पारशी इंजिनेर कोळसा हुंगत तालुक्यात आले. मी लोहाराकडून ओंजळभर दगडी कोळसा आणला, नांगराच्या तासात पुरला आणि साहेबांच्या देखत नांगर धरला. (यात खोटं काही नाही. कोळसा जमिनीतूनच वर आला.) कंपनीने खणायचं आणि विहीर माझी, असा माझा साधा बेत.

साहेब माणूस पद्धतशीर. कुदळ लावायच्या आधी महिनाभर त्यांनी नकाशेच काढले. पहिल्यात माझं शेत, दुसऱ्यात खड्डा, तिसऱ्यात कोळसा काढून झाल्यावर भरून दिलेलं शेत. वरची काळी माती एका ढिगात, खालची पांढरी दुसऱ्यात, मुरूम तिसऱ्यात, आणि शेवटी सगळं उलट क्रमाने जागच्या जागी. त्या तिसऱ्या नकाशाला हिरवा रंग होता आणि कोपऱ्यात एक गाय होती. (इतकी धष्टपुष्ट गाय आपल्या घराण्यात कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.) कोळसा मात्र एकाही नकाशात नव्हता. तो निघाला की दाखवू, असं मुंबईच्या मंडळींचं म्हणणं होतं म्हणे.

इथे माझा शहाणपणा नडला. एकदम हो म्हटलं तर साहेबांना संशय यायचा, म्हणून मी अडून बसलो. जमीन माझी आई आहे, ती पूर्ववत करून मिळाली पाहिजे, तसं लिहून द्या, असं डोळे पुसत पुसत सांगितलं. म्हटलं, लिहून दिलं तरी पाळतो कोण? साहेबांनी टोपी काढली, माझा हात हातात घेतला आणि वचन दिलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

डोंगरातली माणसं खणायला आली, सुरुंग उडाले. मुकादम उखा रोज संध्याकाळी एक काळा दगड आणून दाखवी आणि साहेब तो जिभेला लावून बघत. (चवीने कोळसा कळतो हे मला नवीन.) कोळसा काही निघाला नाही, पाणी निघालं. दादा, काय पाणी सांगू! गोड, गार, पाषाणाच्या भेगेतून मनगटाएवढी धार. वत्सला धावत आली, नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि पहिली घागर भरताना रडली. मीही रडलो. साहेबांनी मात्र कोळसा नाही असं मुंबईला कळवलं आणि उखाला ढीग लोटायला सांगितले.

मी पाय धरले. खड्डा राहू द्या, तुमची आठवण राहील, म्हणालो. साहेब म्हणाले, मागे एका गावी शेतकऱ्याने असंच सांगितलं आणि नंतर कंपनीला कोर्टात खेचलं. आता मुंबईला भरलेल्या शेताचा फोटो लागतो. तेव्हा वत्सला पदर खोचून पुढे झाली.

"पानी लागनं, साहेब. आते बुजू नका."

"बाई, में वचन आप्युं छे," साहेब म्हणाले.

दादा, आजवर कुठल्या कंपनीने शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळला? हिला तो पाळायला नेमकं माझं शेत सापडलं. मुरूम, पांढरी, काळी, सगळं क्रमाने बसवलं, वरून रूळ फिरवला आणि फोटोपुरती कुणाची तरी गाय आणून उभी केली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. वत्सला पुन्हा घागर घेऊन नदी उतरते आणि माझ्याशी बोलत नाही. बोलते ती म्हशीशी, पण मला ऐकू जाईल अशा बेताने.

असो. मुलांना आशीर्वाद. माझ्यावर माया आहे ती हे पत्र संपेपर्यंत तरी असू द्यावी.

तुमचा,
धुडकू

ता. क. कोळशाची शीर माझ्या बांधाखालून तुमच्या वाटणीच्या शेतात सरकली आहे, हे मी साहेबांना पटवलं. (लोहाराकडे अजून ओंजळभर होता.) पण सही तुमची लागत होती आणि तुम्ही पडलात धुळ्याला, म्हणून तुम्ही गेल्या पोळ्याला वारलात आणि शेत माझ्याकडे आलं, असं सांगावं लागलं. राग मानू नये, तुमच्याबद्दल चांगलंच बोललो. 'पूर्ववत' हा शब्द या खेपेला लिहू दिला नाही.

आणखी ता. क. काल तुमच्या शेतात पाणी लागलं, पहिल्याहून मोठं. पण साहेब फार हळवे निघाले. गेलेल्या माणसाच्या जमिनीला असा खड्डा ठेवणं त्यांना बघवत नाही. तुमच्या स्मरणार्थ ते स्वखर्चाने तो बुजवणार, वर कडुनिंब लावणार, आणि तसं वचन त्यांनी वत्सलेला दिलं आहे. तरी पत्र पावताच मिळेल त्या मोटारीने निघा आणि आपण जिवंत आहोत असं साहेबांना समक्ष सांगा. एकटे येऊ नका; मी कुणाला तरी भाड्याने उभं केलं असं त्यांना वाटेल. वहिनींना घेऊन या, आणि कुंकू जरा ठसठशीत लावायला सांगा.