उधाणाची बाई

प्रिय खुशीताई,

फोनवर हे बोलता येत नाही, आय स्पीकर लावून ऐकते. माझ्याबरोबर टगबोटीवर सांडोरचा ॲलिस्टर आहे, तो सुट्टीवर निघालाय, तोच हे पाकीट तुझ्या हातात देईल. शुद्धलेखनाला हसू नको, सातवीनंतर मी पेन धरलंय कुठे?

इथे चारी बाजूंना पानीच. इंजिन बंद असलं की भरती पत्र्याला घासते आणि तुझ्या कण्हण्यासारखा आवाज येतो. अगदी तसाच, दात आवळून, मध्येच थांबणारा. मी वाकून बघतो. कोणी नसतं.

आय म्हणायची, "पान्यानं धरलंय पोरीला." उधाणाला तू पोट धरून लोळायचीस, म्हणून पाचूबंदरात सगळ्यांना पटलं की धक्क्यावरची ओल्या केसांची बाई तुझ्यात शिरते. भगताने पोटावर डाग दिला तेव्हा तुझे पाय मी धरले होते. तू माझ्याकडे बघितलंस, आणि त्या डोळ्यांत मला दुसरंच कोणी दिसलं.

पण ताई, इथे भरतीची वही माझ्याकडे आहे. उधाण पंधरवड्याने येतं. तुझं दुखणं महिन्याने, पाळीबरोबर. कितीदा तर पाणी मेलेलं असताना, भांगाच्या कमी भरतीला, तू ओरडलीस. ते दिवस कोणी धरलेच नाहीत.

हे मी ॲलिस्टरला सांगितलं. त्याच्या बहिणीला, सँड्राला, हेच होतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भपिशवीच्या अस्तरासारखं काहीतरी पिशवीबाहेर वाढतं, पाळीला तेही रक्ताळतं, आणि त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. आतले अवयव एकमेकांना चिकटतात. संडासला दुखतं, अंगात त्राण राहत नाही, कुणाकुणाला मूल राहायला अडचण येते. सोनोग्राफी साफ येऊ शकते. तुझी आली, म्हणून तर भगत. गोळ्या आहेत, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. सँड्रा आता रोज कामावर जाते.

येत्या पुनवेला तुला परत भगताकडे नेणार, असं आय काल बोलली, म्हणून हे लिहितोय. धक्क्यावर तू पहिल्यांदा कोसळलीस तेव्हा तुला एकटी टाकून मी पतंगामागे गेलो होतो. मार चुकवायला आयला सांगितलं, ताईच्या मागे ओल्या केसांची बाई उभी होती. कोणी नव्हतं गं. नऊ वर्षांचा होतो, पण नंतर मोठा झालो तरी गप्पच राहिलो. आधी तू वाच, मग हे आयला वाचून दाखव. सँड्रा शनिवारी येईल, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. आय विचारेल, मग एवढी वर्षं कण्हत होतं कोण? सांग तिला, "मीच, तुझी पोर."

तुझाच,
कल्पेश