चॅनेल तीन

३ मार्च
घरात चार माणसं, चार मोबाइल आणि माझा फोन उचलायला एकजण नाही. काल बायकोला अकरा फोन केले. म्हणे सायलेंटवर होता. डोकंच फिरलं. आज वॉकीटॉकीचे चार सेट आणले. लायसन्स नको, सिम नको. बटण दाबा, बोला. आता बघतोच कोण ऐकत नाही ते.

४ मार्च, सकाळी ७
फ्रिजवर नियम लावले. चॅनेल तीन. सेट सतत जवळ, बाथरूममध्येसुद्धा. वाक्य संपलं की 'ओव्हर'. मी कंट्रोल. सासऱ्यांनी विचारलं, आपण एकाच घरात राहतो ना? त्यांच्या हातात सेट दिला.

५ मार्च
गच्चीवरून पंचवीस मिनिटं सूचना दिल्या. चालू पंखे, गळका नळ, पलंगावरचा ओला टॉवेल. एकाचंही उत्तर नाही! खाली येऊन फैलावर घेतलं. मुलगी म्हणते, बटण दाबून ठेवलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. दीड वीत पोरगी मला शिकवते. मधेच बटण सोडलं की माझा मुद्दा सुटतो.

७ मार्च
सासरे बाथरूममध्ये घसरले. पाय सुजलाय. सेटवरून वीस मिनिटं हाका मारत होते म्हणे. शेवटी बायको ऑफिसातून आली, तिने उचललं. मी तेव्हा गच्चीवरून चॅनेलवर बोलत होतो. विषय : संकटकाळी काय करावे. यात माझा काय दोष? सेटच भिकार. बायकोने त्यांच्या पायाला पट्टी बांधली.

९ मार्च
चॅनेल तीनवर शुकशुकाट. कुरकुर नाही, उलट उत्तर नाही. शेवटी लागली एकदाची शिस्त.

११ मार्च, संध्याकाळी ७
सेट तपासायला सगळे चॅनेल फिरवले. आठवर तिघं सापडले. नियम धाब्यावर! सासरे पायाच्या पट्टीची गंमत सांगत होते. बायको हसत होती. कितीतरी महिन्यांनी ऐकलं तिचं हसणं. मुलीने विचारलं, "बाबांना सांगायचं का, आपण आठवर असतो ते?"

मग बायको म्हणाली, "बटण सोडायला शिकले की सांगू."

असा संताप आला! अंगठा बटणावर ठेवला. सुनवायला चार वाक्यं तयार होती. पण दाबलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

बॅटरी संपेपर्यंत ऐकत बसलो. उद्या सकाळी आधी सेट चार्जिंगला लावायचा. त्यांना कळू द्यायचं नाही.